जुनं जहाज, नव्या खाटा

आपल्याकडे मोठा पूर किंवा वादळ येऊन गेलं की हमखास एक सूचना फिरते: मोडीत निघालेलं प्रवासी जहाज घ्या, आत हजार खाटा टाका, झालं तरंगतं इस्पितळ. इथे परदेशात जहाजबांधणीवरच पोट असलेल्या माझ्यासारख्या माणसाचं हे वाचून डोकं फिरतं.

खाटा टाकणं सगळ्यात सोपं. अमेरिकी नौदलाच्या ‘कम्फर्ट’ या इस्पितळ-जहाजावर हजार खाटा आणि बारा शस्त्रक्रियागृहं आहेत. 2020 मध्ये कोविडच्या साथीत ती न्यूयॉर्कला गेली, पण उपचार दोनशेहून कमी रुग्णांवर झाले. ‘मर्सी शिप्स’ या सेवाभावी संस्थेची 2021 ची ‘ग्लोबल मर्सी’ मात्र पहिल्या रेघेपासून इस्पितळ म्हणून आखलेली: 174 मीटर लांबी, खाटा साधारण दोनशे, शस्त्रक्रियागृहं सहा. प्रमाण बघा.

प्रवासी जहाजात घोडं अडतं ते उंचीवर. ऑपरेशन थिएटरमध्ये दिवे, हवेच्या वाहिन्या, फिल्टर बसवूनही खाली तीनेक मीटर मोकळे हवेत; केबिनच्या मजल्यांना तेवढी उंचीच नसते. डेक कापला तर सांगाड्याची ताकद जाते. थिएटर वर नेलं तर डोलणं वाढतं, आणि सीटी स्कॅनच्या खोलीचं शिसं वर चढलं की गुरुत्वमध्यही वर सरकतो.

त्याच संस्थेचं इस्पितळ-जहाज ‘आफ्रिका मर्सी’ जुनी फेरीबोटच होती ना, असं कुणीतरी म्हणणारच. होती, पण रेल्वेचे डबे वाहणारी; तो उंच डेकच कामी आला. तरीही 1999 मध्ये घेतलेली फेरीबोट रुग्णसेवेत आली 2007 मध्ये. हे कुणी सांगत नाही.

असं जहाज महिनोन्महिने धक्क्याला उभं असतं, आणि खरी दुखणी तिथेच सुरू होतात. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या, तळाजवळच्या सी-चेस्ट नावाच्या कप्प्याच्या जाळीवर शिंपले आणि प्लास्टिक साचतं. हवा थंड करणाऱ्या चिलरला पाणी कमी पडतं, दाब वाढून तो बंद होतो, थिएटरमधली आर्द्रता चढते आणि त्या दिवसाच्या शस्त्रक्रिया रद्द. म्हणून दोन बाजूंना दोन सी-चेस्ट, मध्ये जोडनळी; एक चालू ठेवून दुसरीची जाळी उपसता आली पाहिजे. मोठे जनरेटरही कमी भारावर फार काळ चालवले की काजळी धरतात. बंदरासाठी लहान सेट वेगळाच हवा.

परदेशात बसून शहाणपण शिकवतो, असं तिकडचे म्हणतील. म्हणोत, त्यात फार खोटं नाही. इथल्या बैठकीत आपल्या यार्डांची बाजू तावातावाने मांडणाराही मीच, आणि तेव्हा इथल्यांना मी तिकडचा वाटतो. पण जहाजाचा सौदा करण्याआधी थिएटरच्या नर्सना बोलवा, जमिनीवर प्लायवुडचं थिएटर उभं करा आणि रुग्णासकट खाट दारातून वळते का बघा.