चार पार्टिशन आहेत म्हणून डिस्क पुसू नका

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'विंडोजची चार पार्टिशन असतील तर सोबत लिनक्स बसत नाही, अख्खी डिस्क फॉरमॅट करा.' पार्टिशन म्हणजे डिस्कचे वेगळे पाडलेले भाग; हा सल्ला चूक आहे. पोरांचे वर्षभराचे प्रोजेक्ट अशाने जातील, म्हणून कळकळीने लिहितोय.

चार प्रायमरी (मुख्य) पार्टिशनची मर्यादा डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर विंडोज 128 पर्यंत पार्टिशन करू देतं. एमबीआर असली तरी एका पार्टिशनचा बॅकअप घेऊन ते काढा, लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या (ज्यावरून लिनक्स न बसवताच चालू होतं) जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्रॅममधून तिथे एक्स्टेंडेड, म्हणजे आत आणखी पार्टिशन मावणारं पार्टिशन करा; आतल्या लॉजिकल पार्टिशनवर लिनक्स व्यवस्थित चालतं.

अशा एमबीआर डिस्कवर पाचवं पार्टिशन करताना विंडोज डिस्क 'डायनॅमिक', म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या पद्धतीची करायला सुचवतं. तिथे मात्र नाहीच म्हणा! तशा डिस्कवर लिनक्स बसवताना खरी अडचण येते.