फ्रँचाइझीच्या आधीही बालवाड्या होत्या

‘मॉन्टेसरी विचार गुजरातेत फ्रँचाइझी शाळांमुळे आला’ हे तुमच्या बालवाड्यांवरच्या लेखातलं वाक्य बडोद्यात बसून वाचताना खटकलंच. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये मॉन्टेसरी विचारांवरचं बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करत होत्या. तेव्हा कुठली आली फ्रँचाइझी!

आणि लेखात शिक्षिकांच्या मुलाखती घेऊन त्यांची विचारसरणी शोधली आहे; पण ती अशी मुलाखतीत विचारून काय कळणार? आमची नात दांडिया बाजारजवळच्या बालवाडीत जाते. बाई गुजराती, पण ‘पोटात दुखतंय’, ‘आजीकडे जायचंय’ एवढं मराठी त्यांनी पोरांकडूनच उचललं. मॉन्टेसरीची साधनं, म्हणजे पोरांनी हाताळत शिकायच्या वस्तू, मात्र कपाटात कुलूपबंद. पालकसभेच्या दिवशी तेवढी बाहेर येतात. ती किल्ली बाईंकडे नसते, ऑफिसात असते. लेखात याबद्दल अवाक्षर नाही.