गाडी घेण्याआधी सुट्या भागांचा विचार करावा

मोटार शर्यतींत उतरू पाहणाऱ्या नवोदितांना एका लेखात परदेशातून जुनी फॉर्म्युला थ्री गाडी (एका आसनाची, खास शर्यतीसाठी बनवलेली मोटार) आणण्याचा सल्ला दिला आहे, तो मला पटत नाही. भोसरीतील एका मित्राच्या शेडमध्ये अशीच एक आयात केलेली गाडी सस्पेन्शनच्या अंगठ्याएवढ्या एका जॉइंटसाठी सहा आठवडे स्टँडवर उभी होती, आणि तेवढ्यात हंगामातील शर्यतींची एक फेरी हुकली. याउलट, भारतातील एलजीबी फॉर्म्युला फोर या वर्गातील गाड्यांना मारुती स्विफ्टचे १३०० सीसी इंजिन असते, म्हणजे इंजिनाच्या कितीतरी भागांसाठी पुण्यातील नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारापलीकडे जावे लागत नाही. स्वस्त वर्गांमागचे सूत्र मुळात हेच आहे: १९६०च्या दशकात फॉर्म्युला व्ही हा वर्ग फोक्सवॅगन बीटल या साध्या मोटारीच्या इंजिनावर उभा राहिला आणि १९६७ मध्ये इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच ट्रॅकवर सुरू झालेल्या फॉर्म्युला फोर्डने फोर्डच्या साध्या मोटारीचे इंजिन घेतले, दोन्हींत गाडी रस्त्यावर दाबून धरणारे पंख नाहीत, त्यामुळे पहिल्याच वळणावर मोडायला (आणि बिलात वाढायला) एक महागडी वस्तू कमी.

पुणेकरांनी मात्र प्रवासाचा हिशेब आधी मांडावा, कारण शर्यतींचे ट्रॅक कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ आहेत. गाडी ट्रकवर चढवून हजार-बाराशे किलोमीटर नेणे, दोन मेकॅनिकांचा मुक्काम आणि टायर यांतच निम्मे बजेट सहज संपते. म्हणून पहिले वर्ष एखाद्या रेसिंग संघाकडून गाडी भाड्याने घेऊन धावावे, असे माझे मत आहे.