तीन रविवारांत बाप्तिस्मा? नाही हो!

गेले आठ दिवस वडोदऱ्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: चर्चमध्ये मराठीतून श्रद्धावर्ग, तीन रविवार या, चौथ्या रविवारी बाप्तिस्मा, चर्चपासून दुरावलेल्यांनी बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा. वर्गाची आखणी आम्ही चौघं करतोय, म्हणून सांगते, यातलं 'मराठीतून' आणि 'रविवार' एवढंच खरं.

आधी परत येणाऱ्यांचं, कारण फोन त्यांचेच जास्त आले. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेतला 845 वा नियम तेच सांगतो. वीस वर्षं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न गेलेल्यानं फादरांकडे पापनिवेदन करायचं. लग्न चर्चबाहेर झालं असेल, तर त्याबद्दल त्यांच्याशी आधी बोलायचं. एक काकू पिवळा पडलेला बाप्तिस्म्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आल्या. "हा रद्द झाला का गं?" नाही झाला, काकू. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार, राहिलंय, तेवढं करू.

नवख्यांसाठी 1972 चा प्रौढ दीक्षाविधी आहे: आधी चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी (बाप्तिस्म्याची तयारी करणारा) म्हणून स्वीकार, प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, शेवटची तयारी आणि एरवी ईस्टरच्या आदल्या रात्री संस्कार. यात महिने जातात, आणि जावेतच. शिवाय गुजरातच्या 2003 च्या कायद्यात धर्मांतरासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट आहे. तीन रविवारांचा हिशेब कुणी मांडला, कोण जाणे!

नुसतं ऐकायला बसलात, तर कुणी फॉर्म पुढे करणार नाही. फी नाही. चहा आहे.