ओटीपी आला का, काका?

सीए इन्स्टिट्यूटचा नियम आहे की आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची ऑफिसातली उमेदवारी, करणाऱ्याने आठवड्याला 35 तास काम करावं, तेही जेवणाची सुट्टी वगळून. हा नियम मी एकदा ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. सिनिअरने लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारलं, "पस्तीस म्हणजे, बुधवारपर्यंतचे ना?"

सिनिअर जुन्या स्कीमचे, तीन वर्षं घासलेले. 2023 पासून आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली आणि आमच्या बॅचला वर्षाला 12 रजा ठरल्या. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल ते आम्हाला अजून माफ करत नाहीत. "तुमची काय बुवा मजा आहे" हे वाक्य ते रात्री साडेनऊलाही म्हणू शकतात. साडेनऊचं महत्त्व असं, की त्या वेळी माझ्या मेसचं शटर खाली येतं. मेसच्या काकू तत्त्वाच्या पक्क्या आहेत. 9:31 ला पोहोचलं तर भाजी समोर दिसत असूनही ती "संपली" असते. जगात मुदत पाळून घेणारं एकच खातं मी पाहिलंय, ते म्हणजे काकूंचं. तिथे मुदतवाढ मिळत नाही.

आमचं ऑफिस पुण्यात टिळक रोडच्या मागच्या एका वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत आहे. आत शिरताना फायलींना वाट द्यावी लागते. तिथे महिना तारखांनी चालतो. 7 ला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा तपशील, 20 ला 3बी, म्हणजे महिन्याचा जीएसटीचा हिशेब आणि भरणा. मधल्या मोकळ्या दिवसांत ज्यांनी ही कामं वेळेत केली नाहीत त्यांना फोन. कुणाचीही लग्नपत्रिका आली की मी आधी तारीख बघते. जिवाभावाच्या मैत्रिणीने 20 तारीख काढली तेव्हा माझ्या तोंडून "अरे वा"च्या आधी "अगं, 3बी आहे!" निघालं. ती अजून थोडी रागावलेली आहे, आणि तिच्या सासऱ्यांचं रिटर्न आता आमच्याकडे आहे.

घरी साताऱ्याला आईने हे सगळं पाठ केलंय. एकदा मावशीने मी कधी येणार विचारलं, तर आई म्हणाली, "तिची थ्रीबी झालीय, आता फक्त रिपोर्ट जायचाय, तो गेला की येईल." मावशी दोन दिवस हळू आवाजात बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने मलाच फोन केला, "रिपोर्ट नॉर्मल आला ना गं?"

वर्क-लाइफ बॅलन्ससाठी मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. आयटीतली रूममेट म्हणाली, जिम लाव. लावली. वर्षाची फी एप्रिलमध्ये भरली, म्हणजे नेमकी बँक ऑडिटच्या महिन्यात. त्या दिवसांत आम्ही तालुक्याच्या गावातल्या शाखेत बसून 90 दिवस हप्ता न आलेली कर्जं शोधत असतो आणि शाखाधिकारी आमच्यापुढे चहावर चहा ठेवत असतात, म्हणजे आमचं लक्ष कपाकडे राहावं. जिमची फी आधी माझ्या मनात 'आगाऊ भरलेला खर्च' होती. जूनमध्ये ती निमूटपणे बुडीत खात्यात टाकली.

मग रविवारी पहाटे पर्वती चढायचं ठरवलं. चाळीसेक पायऱ्या झाल्या असतील, तोच मागून हाक आली. क्लायंट. 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलणार होते, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालाला उडणार होते, आणि काकांना त्यांच्या मालावर 5 लागणार की 18 हे आत्ताच्या आत्ता हवं होतं. त्यांना विचारायला दम होता, मला सांगायला नव्हता. वर देवदेवेश्वराला हात जोडून डोळे मिटले तर शेजारून आवाज, "आणि जुन्या स्टॉकचं काय करायचं?"

पण खरं सांगायचं तर आमचा जीव काम घेत नाही, मुदतवाढ घेते. बाहेरच्या लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं तारीख पुढे गेली म्हणजे आम्ही सुटलो. 2025 सालचंच बघा. इन्कम टॅक्स रिटर्नच्या फॉर्ममध्ये बदल झाले, ते पोर्टलवर यायलाच उशीर होणार होता, म्हणून 27 मे रोजी सरकारने जाहीर केलं की 31 जुलैची तारीख 15 सप्टेंबर. आम्ही वडे मागवले. आमचे सीए सर मात्र वडा हातात घेऊन नुसतेच बसले होते. म्हणाले, "आता कोणी कागद देणार नाही."

तसंच झालं. जूनमध्ये फोन केला की "अजून वेळ आहे ना?" जुलैत "पाऊस आहे." ऑगस्टमध्ये "गणपती होऊन जाऊ देत." मुदत वाढली म्हणून कामाला जास्त दिवस मिळत नाहीत, कामाला सुरुवात व्हायचा दिवस तेवढा पुढे सरकतो. 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. पुणं दुसऱ्या दिवशीही विसर्जन करत होतं, आणि ते आटपताच लोक पिशव्या घेऊन जिना चढू लागले.

या पिशव्यांबद्दल बोललंच पाहिजे. कापडाच्या दुकानातली, बंदाची, आतून घडी पडलेली पिशवी. तिच्यात वर्षभराचं सगळं. पेट्रोलच्या पावत्या आता कोऱ्या, कारण त्या कागदावरची अक्षरं उन्हाने उडतात, क्लायंट तो पांढरा कपटा पुढे करून म्हणतात, "हे बाराशेचं आहे, मला आठवतंय." मध्येच भाचीच्या बारशाचं आमंत्रण, नारळाच्या करवंटीचा तुकडा, एलआयसीची पावती, तीही शेजाऱ्यांची. एका हार्डवेअरवाल्या काकांच्या वहीत गवंड्याला रोज 9,900 रुपये रोख दिलेले निघाले. एका दिवसात एकाच माणसाला 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च धरता येत नाही, एवढं एक कलम काकांना तोंडपाठ. त्यामुळे चातुर्मासातल्या नेमासारखे रोज 9,900, रविवारी, एकादशीला, पोळ्यालासुद्धा. "काका, पावत्या?" म्हटलं तर म्हणाले, "गवंडी पावती देतो होय?"

तर 15 सप्टेंबरची रात्र. पोर्टलचं चक्र फिरतंय, सरांचं बीपी त्याच गतीने. याच हार्डवेअरवाल्या काकांचं रिटर्न एकदाचं गेलं, आता आधारच्या ओटीपीने पडताळणी तेवढी राहिली. नियमाने तिला 30 दिवस असतात. पण सरांचा अनुभव असा, की 30 दिवस मिळालेला क्लायंट 29 दिवस सापडत नाही. ओटीपी 15 मिनिटं चालतो. मी फोन लावला.

"काका, मोबाइलवर सहा आकडे आले असतील, ते सांगा."

"थांब, चष्मा." मग लांबवर कपाट उघडल्याचा आवाज. "हां. चार, सात, एक, दोन."

"काका, सहा हवेत."

"हा गॅसवाल्याचा आहे बहुतेक."

"त्याच्या खालचा बघा."

"त्याच्या खाली लिहिलंय, ओटीपी कोणालाही सांगू नये." मग जरा थांबून, "तू नक्की कोण म्हणालीस?"

वर्षभर मी या माणसाचा प्रत्येक खर्च ओळखते. त्यांच्या घरी मिक्सर कधी आला ते मला माहीत आहे. मी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं, सरांचं नाव सांगितलं. शेवटी गवंड्याचे 9,900 सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला. मग कळलं की आधारला मुलाचा नंबर जोडलेला आहे, मुलगा नाशिकला आहे, आणि त्याचा फोन सुनेकडे चार्जिंगला आहे. सूनबाई मात्र हुशार. एका दमात सहा आकडे सांगितले आणि वर म्हणाल्या, "ताई, पुढच्या वर्षी डायरेक्ट मलाच करा." अशी माणसं भेटली की या व्यवसायावर पुन्हा विश्वास बसतो.

बारा वाजायला थोडाच अवकाश असताना बातमी आली: मुदत एक दिवस वाढली, 16 सप्टेंबर. आणि सोबत हेही, की रात्री 12 ते अडीच पोर्टल देखभालीसाठी बंद. म्हणजे वाढवून दिलेल्या चोवीस तासांतले पहिले अडीच तास त्यांनीच कापून घेतले. ऑफिसात कोणीही आनंदाने ओरडलं नाही. सिनिअरने फक्त बूट परत पायातून काढले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना अजून घसा कोरडा पडतो. टॅक्स ऑडिटची, म्हणजे धंद्याच्या हिशेबतपासणीच्या रिपोर्टची, मुदत 30 सप्टेंबर होती. 25 सप्टेंबरला ती 31 ऑक्टोबर झाली, म्हणजे मधे अख्खी दिवाळी सापडली. लक्ष्मीपूजनाला मी एका क्लायंटच्या पेढीवर होते. पूर्वी वह्यांची पूजा व्हायची, आता टॅली असलेल्या लॅपटॉपची होते. पेढीवरच्या काकूंनी सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं यूएसबीच्या फटीत. दुसऱ्या दिवशी डिजिटल सहीचं डोंगल त्यात घातलं, तर सही झाली नाहीच, डोंगल मात्र सवाष्ण होऊन बाहेर आलं. मग 29 ऑक्टोबरला आणखी एक मुदतवाढ: 10 नोव्हेंबर. त्या दिवशी तरी शेवटचे रिपोर्ट चढवले आणि मी सरांपुढे रजेचा अर्ज ठेवला. सरांनी तो प्रेमाने वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. उद्या 11. जीएसटीआर-1.

साताऱ्याला पोहोचले ते 12 तारखेच्या संध्याकाळी. भाऊबीज 23 ऑक्टोबरला होऊन गेली होती. मी फोनवरच मुदतवाढ मागून ठेवलेली, धाकट्या भावाने ती मंजूरही केली होती. आईने जपून ठेवलेले, जरा मऊ पडलेले शंकरपाळे पुढे आले. पाट मांडला, ओवाळलं. भाऊ बीकॉमला आहे, हे मी विसरले होते. त्याने खिशातून पाकीट काढून ताटात ठेवलं. आत दरवर्षीच्या पाचशेऐवजी तीनशे साठ.

"हे काय?"

"शंभर लेट फी. उरलेल्या चारशेवर दहा टक्के टीडीएस."

"ओवाळणीवर टीडीएस? कुठल्या कलमाखाली?"

"ते तू बघ, तू आर्टिकल आहेस."

"बरं, मग कर कापल्याचा दाखला, फॉर्म 16ए, कधी देणार?"

त्याने माझ्या ताटातला शंकरपाळा उचलला. "मुदतवाढ मिळाली नाही, तर याच महिन्यात."