देवमाशाची दोनशे वर्षे आणि बर्फाची बादली

गेले काही आठवडे एक संदेश गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो आधी सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटातून आला, मग शाळेच्या जुन्या सोबत्यांकडून आला, आणि शेवटी डिचोलीच्या माझ्या मावशीने पाठवला. त्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे: आर्क्टिकमधला बोहेड देवमासा दोनशे वर्षे जगतो. त्याला कर्करोग कधीच होत नाही. कारण तो बर्फाच्या पाण्यात राहतो, तासभर श्वास कोंडतो आणि शेवाळ खाऊन पूर्ण शाकाहारी जगतो. म्हणून आपणही पहाटे बर्फाच्या पाण्याने अंघोळ करावी, श्वास कोंडण्याचा सराव करावा आणि देवमाशाच्या तेलाच्या गोळ्या घ्याव्यात. मग पेशी आपला कर्करोग आपणच दुरुस्त करतील. सोबत किनाऱ्यावर पडलेल्या एका प्रचंड देवमाशाचा फोटो, आणि खाली ओळ: ‘हा गोव्याच्या समुद्रातही येतो.’

मावशीला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. केमो चालू आहे, आणि तिला सलाइनमधून मिळणाऱ्या औषधांत ऑक्सॅलिप्लॅटिन आहे. ज्यांच्या घरात हे औषध येऊन गेले असेल त्यांना ठाऊक असेल, ते घेतल्यावर काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या येतात, थंड पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा होतो. फ्रिज उघडतानाही हातमोजे घाला, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. तिने मला फोनवर विचारले, “अरे, बर्फाच्या पाण्याची सवय हळूहळू केली तर चालेल का? इतके लोक पाठवतात, सगळेच खोटे कसे असेल?”

सगळेच खोटे नाही. म्हणूनच हा संदेश घातक आहे. मी उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

‘दोनशे वर्षे जगतो.’ जगू शकतो. अलास्काचे इनुपियाट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की अमुक देवमासा आमच्या आज्यानेही पाहिला होता. शास्त्रज्ञांना ते पटायला वेळ लागला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकार झालेल्या ४८ बोहेडांच्या डोळ्यांतली भिंगे तपासली गेली. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने जन्मानंतर बदलली जात नाहीत. त्यांतल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे रेणू मात्र वर्षानुवर्षे संथपणे आपले रूप पालटतात, आणि किती पालटले यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. एका नराचे वय २११ आले. पण हा अंदाज आहे, त्यात काही दशकांची चूक संभवते. आणि त्या ४८ मध्ये शंभरी ओलांडलेले चारच निघाले. दुसरा पुरावा २००७ मधला: अलास्काच्या किनाऱ्यावर मारलेल्या एका बोहेडाच्या खांद्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या स्फोटक भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला. शंभरहून अधिक वर्षे तो प्राणी ते लोखंड अंगात घेऊन पोहत होता. हे वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

‘कर्करोग कधीच होत नाही.’ ‘कधीच’ हा शब्द खोटा आहे. बोहेडात कर्करोग फार विरळा आढळतो, हे खरे. पण त्याच्या यकृतात चरबीच्या गाठी आढळल्याची नोंद १९८२ पासून आहे. त्या गाठी घातक नव्हत्या, तरी गाठी होत्या.

यामागचा प्रश्न मोठा गोड आहे. पेशी जितक्या जास्त आणि आयुष्य जितके लांब, तितकी एखादी पेशी बिघडण्याची शक्यता जास्त. शंभर टनांच्या आसपास वजनाच्या आणि दीडशे वर्षे जगणाऱ्या प्राण्याला तर गाठींनी पोखरून काढायला हवे होते. तसे होत नाही, हे कोडे १९७७ मध्ये रिचर्ड पेटो यांनी मांडले, म्हणून त्याला पेटोचा विरोधाभास म्हणतात. हत्तीने ते आपल्या पद्धतीने सोडवले: बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या टीपी५३ जनुकाच्या त्याच्याकडे वीसएक प्रती आहेत. बोहेडाची रीत निराळी निघाली. रोचेस्टर विद्यापीठातल्या वेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांच्या गटाने २०२५ मध्ये दाखवले की बोहेडाच्या पेशी डीएनएचे तुटलेले धागे फार काळजीपूर्वक सांधतात. त्याच अभ्यासात एक चकित करणारी गोष्ट आहे. या पेशींना कर्करोगी व्हायला माणसाच्या पेशींपेक्षा कमी बदल पुरतात. म्हणजे बोहेडाची पेशी अभेद्य नाही. तिच्यात चुका फार कमी साचतात, म्हणून ती वाचते. ही दुरुस्तीची कला लाखो वर्षांत जनुकांत उतरलेली आहे. ती कोणी वागणुकीने कमावलेली नाही.

‘बर्फाच्या पाण्यात राहतो म्हणून.’ इथे थोडे थांबावे लागेल, कारण या मुद्द्यात एक खरा धागा आहे आणि तोच ओढून सगळा गुंता केला आहे. वरच्या अभ्यासात ज्या प्रथिनाचे नाव पुढे आले ते सीआयआरबीपी. पेशीचे तापमान उतरले की ते वाढते, आणि बोहेडाच्या पेशींत ते मुळातच भरपूर असते. माणसाच्या पेशींत बोहेडाचे हे प्रथिन वाढवल्यावर त्यांनीही डीएनए अधिक चांगला सांधला. कोणीतरी एवढेच वाचले आणि बर्फाची बादली भरली.

पण बादलीने पेशी थंड होत नाहीत. आपले शरीर आतले ३७ अंश राखण्यासाठी जिवाचे रान करते: कातडीतला रक्तप्रवाह आवळते, कुडकुडते. गारठते ती कातडी. आतडे जिथे आहे तिथे ती थंडी पोहोचत नाही, आणि आतले तापमान खरोखरच ३५ च्या खाली गेले तर तो जीवघेणा आजार असतो.

आता देवमाशाकडे पाहा. तोही उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी आहे. आपल्या भाषेने त्याच्या नावात ‘मासा’ घातला आणि इथेच अर्धा घोटाळा झाला. मासा असता तर पाण्याइतका गार झाला असता. बोहेडाच्या कातडीखाली दीड फुटापर्यंत चरबी असते आणि आतले तापमान ३४ अंशांच्या आसपास. बाहेरचे बर्फ त्याच्या आतड्याला कळतही नाही. उलट त्याला काळजी असते उकाड्याची. एवढे मोठे धूड, एवढी चरबी, आणि पोहण्याचे कष्ट. ती उष्णता टाकायची कुठे? २०१३ मध्ये त्याच्या टाळूत एक लांबलचक, रक्ताने फुगणारा अवयव वर्णिला गेला. तोंड उघडून थंड पाणी आत घेतले की तो उष्णता बाहेर टाकतो, मेंदू तापू देत नाही, असे तो शोधणाऱ्यांचे म्हणणे आहे. ज्या प्राण्याला आपण थंडीचा उपासक ठरवले, त्याच्या टाळूत उकाड्यावरचा उपाय आहे!

आणि थंडीनेच आयुष्य वाढत असते तर त्याच आर्क्टिकमधला लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी एकदोन वर्षांत मेला नसता. सगळ्यात बोलका दाखला बेलुगाचा आहे. तो पांढरा देवमासा, थंड पाण्यातलाच. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी बेलुगांची एक वस्ती आहे. १९८३ ते १९९९ या काळात तिथे मेलेले जे प्रौढ बेलुगा तपासले गेले, त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिकांत कर्करोग सापडला. त्यातही आतड्याचा फार. संशय गेला तो वरच्या अंगाच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यांतून पाण्यात उतरणाऱ्या विषारी संयुगांवर. हे प्रदूषण आटोक्यात आणल्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांत कर्करोग दिसेनासा झाला. पाणी आधीही थंड होते आणि नंतरही.

मावशीला मी हीच गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “त्यांनासुद्धा आतड्याचाच?”

‘श्वास कोंडतो म्हणून.’ बोहेड तासभर बुडी मारू शकतो. दक्षिणेकडचा एलिफंट सील दोन तासांपर्यंत मारतो, आणि त्याचे आयुष्य साधारण वीस वर्षांचे. प्राणायाम करणाऱ्यांनी खुशाल करावा, देवमाशाची साक्ष त्याला नको.

‘शाकाहारी आहे.’ नाही. त्याच्या जबड्यातून चार मीटरपर्यंत लांबीच्या पट्ट्यांची जाळी लोंबते, सगळ्या देवमाशांत सर्वांत लांब. तोंड उघडे ठेवून तो संथपणे पुढे जातो आणि पाणी गाळतो. मागे राहतात ते कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी जीव, आणि क्रिल. आपल्याकडे पावसाळ्यासाठी सुकवून ठेवतात त्या गालम्याचे, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीचे, दूरचे भाऊबंद म्हणा. रांपण ओढणाऱ्याला हे लगेच कळेल: जाळे बारीक, पकड बारीक, पण मासळीच.

‘गोव्यातही येतो.’ येत नाही. आर्क्टिक आणि त्याच्या कडेचा समुद्र सोडून हा प्राणी खाली उतरत नाही, आणि आपल्या समुद्राचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे. फोटो नीट पाहा: गळ्यावर लांब समांतर घड्या आहेत, पाठीवर पर आहे. बोहेडाला यांपैकी काहीच नसते. त्याची पाठ सपाट आणि हनुवटी पांढरी. फोटोतला प्राणी ब्रायडस जातीचा दिसतो, आणि तो अरबी समुद्रातलाच आहे.

गोव्याचे बोहेडाशी नाते हवेच असेल तर ते वास्कोत आहे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथे आहे, आणि २००८ पासून स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या द्वीपसमूहावरचे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन ठाणे तेच चालवते. स्वालबार्डच्या पश्चिमेला, फ्राम सामुद्रधुनीत, पाण्याखाली ठेवलेल्या मायक्रोफोनांनी तीन हिवाळ्यांत बोहेडांची १८४ वेगवेगळी गाणी टिपली. ध्रुवीय रात्र, वर बर्फाचे छत, आणि खाली महिनोन्‌महिने दिवसरात्र चाललेले गाणे, दर हिवाळ्याला नव्या चालींचे. पुढे पाठवायचेच असेल तर हे पाठवा. हे खरे आहे.

‘तेलाच्या गोळ्या घ्या.’ ज्या सतराव्या शतकात डच जहाजे मांडवीच्या तोंडाशी उभी राहून गोव्याची नाकेबंदी करत होती, त्याच शतकात दुसरी डच जहाजे स्वालबार्डला बोहेडांची चरबी कढवत होती. त्या जागेचे नावच पडले स्मीरेनबर्ग, चरबीचे गाव. पुढे तीनशे वर्षे युरोपने हे तेल दिव्यांत जाळले, साबणात घातले. त्या तेलाने कोणी दोनशे वर्षे जगल्याची एक नोंद नाही. मेले ते देवमासे. मादी पंचविशीला येते तेव्हा कुठे वयात येते, वर्षाहून अधिक काळ गर्भ वाढवते आणि तीन-चार वर्षांतून एक पिल्लू देते. इतक्या संथ वाढणाऱ्या वंशाने तेवढी कत्तल कशी सोसावी? स्वालबार्डकडे आज मोजके शेकडा उरलेत. आजही त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे. शिकार करतात ते आर्क्टिकचे मूळ रहिवासीच, ठरवून दिलेल्या संख्येत आणि स्वतःच्या पोटासाठी. तेव्हा दुकानात किंवा फोनवर मिळणाऱ्या बाटलीत बोहेडाचे तेल असणे जवळजवळ अशक्य. असलेच, तर ते बेकायदा.

मावशीकडे अशी एक बाटली निघाली. शेजारणीने मायेने आणून दिलेली. लेबलवर प्राण्याचे नाव नाही, मात्रा नाही, फक्त निळ्या लाटा. केमोच्या दिवसांत पोटात नवीन काहीही घालण्याआधी डॉक्टरांना विचारायचे असते. तिची पुढची केमो गुरुवारी आहे. बाटली मी दवाखान्याच्या पिशवीत घातली आहे, फाइलशेजारी, लोकरीच्या हातमोज्यांखाली.