डोळे 'स्मार्ट' कसे होतात?

परवा संध्याकाळी कांदा चिरत बसले होते. उन्हाळ कांदा, लासलगावकडचा, चांगला झणका असलेला. समोर भाची इंग्रजीचा धडा वाचत होती, मध्येच थांबली. "मावशी, धुराने त्याचे डोळे स्मार्ट व्हायला लागले, असं लिहिलंय. डोळे हुशार कसे होतील?"

म्हटलं, माझ्याकडे बघ. माझे आत्ता तेच होतंय. चुणचुणतायत.

इंग्रजीत स्मार्टचा जुना अर्थ हाच. झोंबणारं, कळ आणणारं. जर्मनमध्ये वेदनेला श्मेर्त्स म्हणतात, तो याच मुळाचा शब्द. झोंबणाऱ्या फटक्यावरून तडफदार, त्यावरून तल्लख, मग टापटीप. अजूनही ब्रिटनमध्ये स्मार्ट म्हटलं की बऱ्याचदा कपड्यांबद्दल बोलणं असतं, अमेरिकेत डोक्याबद्दल.

हे तिला सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, अगं, आपलंही तसंच आहे! डोळे चुणचुणतात आणि पोर चुणचुणीत असतं. खरं सांगते, सुरी हातात तशीच राहिली.

हा शब्द आता कानावर येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझी आई चुणचुणीत कोणाला म्हणायची? पाहुणे दारात दिसले की न सांगता पाण्याचा तांब्या आणणाऱ्या पोरीला. मार्कांशी त्याचा संबंध नव्हता, रंगरूपाशी तर नव्हताच. अभ्यासातला हुशार वेगळा, चेहऱ्याने तरतरीत वेगळा, चलाख म्हटलं की जरा जपून. आता सगळ्यांना एकच स्मार्ट. मागच्या आठवड्यात गंगापूर रोडला एका लग्नात कोणीतरी भाचीला "किती स्मार्ट गं" म्हणालं, तर घरी येईपर्यंत तिचं एकच, "म्हणजे माझा ड्रेस का?"

२०१६ साली नाशिक स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, पुढे अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोड झाला. फोन आहेत, टीव्ही आहेत. त्यांना खुशाल स्मार्ट म्हणा, तिथे तो शब्द रुळलाय. पण घरातल्या लेकरांचं कौतुक करताना नेमका शब्द शोधा हो. मूल तो शब्द मनात घेऊन झोपतं.

मी हे सगळं बोलत होते तोवर भाची उठली, ओट्यामागची खिडकी उघडली आणि माझ्यासमोर ओला रुमाल धरून उभी राहिली.